इलाज नाकारला तर भरपाईचे काय?

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या ओळखीचे एक कारखानदार भेटायला आले. पत्र्याची लहानसहान कामे करणारा त्यांचा कारखाना आहे. तीन पॉवर प्रेस, सहा कामगार. चहा संपायच्या आत ते मूळ मुद्द्यावर आले. "भाई, एक सांगा. कामगाराने स्वतःच इलाज करून घेतला नाही, तर त्याच्या हाताला मी जबाबदार कसा?"

हकीकत अशी. मे महिन्यात त्यांच्या प्रेसवरच्या तिशीतल्या एका कामगाराचे उजव्या हाताचे अंगठ्याशेजारचे बोट डायखाली आले आणि टोकाचे पेर चेंगरले. शेठनी त्याच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले आणि "जा, कुठेतरी दाखवून घे" म्हणून सांगितले. नाक्यावरच्या डॉक्टरने मलमपट्टी केली आणि मोठ्या इस्पितळात जायला सांगितले. एवढे पेर काढावे लागेल असेही सांगितले. "काढावे लागेल" हे शब्द ऐकताच पोरगा घाबरला. त्याच्या मामूंनी सल्ला दिला, की कापाकापी कशाला, हाडवैद्याचा लेप लावू. लेप लावून चौथ्या दिवशी तो गाडीत बसून मुलखाला गेला. अडीच महिन्यांनी परत आला तेव्हा उजवा पंजा मनगटापासून नव्हता. जखम सडत गेली होती, आणि शेवटी तिकडच्या सरकारी इस्पितळात जीव वाचवण्यासाठी पंजा काढावा लागला होता.

आता मामू म्हणतात, पूर्ण पंजाची भरपाई द्या. शेठ म्हणतात, मी एक पैसाही देणे लागत नाही. "खरे कोण?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "दोघेही नाही."

आपल्या कारागीर वस्त्यांत हा वाद नवा नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात, चामड्याच्या कामात, सुतारकामात अपघात होतो आणि त्यानंतरचे सगळे व्यवहार तोंडी होतात. इलाज तोंडी नाकारला जातो, पैसे तोंडी दिले जातात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी दोन्ही बाजू आपापल्या आठवणी घेऊन भांडतात. कायद्याने या नेमक्या प्रसंगाचा विचार शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २०१० पासून त्याच्या नावात 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. इलाज नाकारण्याबद्दलची जुनी तरतूद नव्या संहितेतही आली आहे. आमच्या शेठचा अपघात मे महिन्याचा, म्हणून त्याला जुना कायदाच लागू.

त्या कायद्याचे कलम ११ नीट वाचले पाहिजे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक आहे तपासणी, दुसरा आहे इलाज.

तपासणी म्हणजे इजा किती झाली हे डॉक्टरने पाहणे. कामगाराने अपघाताची नोटीस दिल्यावर तीन दिवसांच्या आत मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरी तपासणी देऊ केली, तर कामगाराने ती करून घेतली पाहिजे. पुरेसे कारण नसताना नकार दिला किंवा अडथळा आणला, तर नकार चालू असेल तोवर त्याचा भरपाईचा हक्क स्थगित राहतो आणि त्या काळाचे पैसे मिळत नाहीत. हक्क मरत नाही, झोपतो. तपासणीला तयार झाला की तो पुन्हा जागा होतो. स्थगितीच्या काळातच कामगार दगावला तर त्याच्या वारसांना भरपाई द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही आयुक्तांना दिलेला आहे. म्हणजे तिथेही दार पूर्ण बंद नाही.

याच कलमात मुलखाला जाणाऱ्यांसाठी एक ओळ आहे. तपासणी झाल्याशिवाय कामगार स्वतःहून कामाच्या ठिकाणाचा परिसर सोडून गेला, तर परत येऊन तपासणीस हजर होईपर्यंत त्याचा हक्क स्थगित राहतो. आपल्याकडे अपघात झाला की पहिला विचार मुलखाचा येतो. तिथे अम्मी आहे, घरचे जेवण आहे, खोलीचे भाडे नाही. माणसाच्या बाजूने पाहिले तर यात गैर काहीच नाही. परंतु गाडीत बसण्याआधी एकदा तपासणी करून घ्यावी आणि तो कागद खिशात ठेवावा. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

स्त्री कामगारांविषयी १९२४ च्या नियमांत एक तरतूद होती, ती आपल्या घरांत माहीत असायला हवी. स्त्रीच्या संमतीवाचून पुरुष डॉक्टरने तिची तपासणी करायची नाही; करायचीच तर दुसरी स्त्री हजर असली पाहिजे. स्त्री डॉक्टरकडून तपासणीचा खर्च तिने जमा केला, तर पुरुष डॉक्टरकडे जाण्याची सक्तीही तिच्यावर नव्हती. म्हणून "आमच्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत" एवढेच सांगून तपासणी टाळणे म्हणजे हातचा हक्क घालवणे होय. स्त्री डॉक्टर मागावी, आणि ती लेखी मागावी.

आता इलाज. इथे कायदा जास्त सौम्य आहे आणि जास्त बारकाईनेही बोलतो. मालकाने फुकट देऊ केलेल्या डॉक्टरचा इलाज कामगाराने नाकारला, किंवा घेतला पण डॉक्टरच्या सूचना जाणूनबुजून पाळल्या नाहीत, एवढ्याने भरपाई कमी होत नाही. त्यानंतरही त्याने दुसऱ्या कोणत्याही पात्र डॉक्टरचा नियमित इलाज घेतला नाही, किंवा घेऊन त्याच्याही सूचना मोडल्या. त्या परिस्थितीत हा नकार गैरवाजवी होता. आणि त्या नकारामुळेच इजा वाढली, हे सगळे सिद्ध व्हावे लागते. एक कडी तुटली की मालकाचा बचाव तुटतो. आणि हे सिद्ध करायचे कोणी? जो या बचावाचा आधार घेतो त्याने, म्हणजे मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने.

समजा सगळे सिद्ध झाले. तरी भरपाई शून्य होत नाही. योग्य इलाज झाला असता तर इजा जेवढी राहिली असती तेवढीच ती आहे असे धरून पैसे दिले जातात. वाढलेला भाग कामगाराच्या पदरात पडतो, मूळ इजा मालकाच्या.

आमच्या कामगाराचेच गणित घ्या. वय ३० पूर्ण, पगार महिना १५,००० रुपये. २०२० मध्ये भरपाईच्या हिशोबासाठी पगाराची कमाल मर्यादा एवढीच ठरवली गेली होती. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, गुणिले वयाचा गुणक. ३० वर्षांचा गुणक २०७.९८. रक्कम झाली १८,७१,८२० रुपये. अंशतः अपंगत्व असेल तर कमाईची क्षमता जेवढी गेली तेवढे टक्के. परिशिष्टात तर्जनीचे एक पेर गेले तर ९ टक्के लिहिले आहेत, पंजा गेला तर ६० टक्के. नऊ टक्क्यांचे होतात १,६८,४६४ रुपये. साठ टक्क्यांचे ११,२३,०९२. मधला फरक साडेनऊ लाखांहून जास्त. एका लेपाची आणि एका गाडीच्या तिकिटाची ही किंमत आहे, आणि ती कोणाच्या डोक्यावर बसायची एवढाच वाद आहे.

परिशिष्टातला आकडाही नेहमी शेवटचा नसतो. १९७५ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात निकाल दिला. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालकाचे म्हणणे होते की अपंगत्व अंशतः आहे. न्यायालय म्हणाले, सुतारकाम एका हाताने होत नाही. या माणसाचे अपंगत्व पूर्णच धरले पाहिजे. हातावर पोट असणाऱ्या कारागिराचा हात म्हणजे काय, हे या निकालाने मान्य केले. म्हणूनच इलाजाच्या प्रश्नात कारागिराने जास्त सावध असले पाहिजे. त्याचा एक हात साठ टक्क्यांचा नसून शंभर टक्क्यांचा ठरू शकतो, आणि त्याच्याच चुकीने तो नऊ टक्क्यांवरही येऊ शकतो.

शेठनी हे ऐकले आणि त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे मला नऊ टक्केच द्यायचे!"

मी विचारले, "तुम्ही डॉक्टर देऊ केला होता का?"

"दोन हजार दिले ना. म्हणालो, दाखवून घे."

इथेच त्यांचे प्रकरण अडकते, आणि आपल्या बहुतेक कारखानदारांचे अडकते. कायदा म्हणतो, मालकाने फुकट देऊ केलेला पात्र डॉक्टर. 'कुठेतरी दाखवून घे' म्हणजे डॉक्टर देऊ करणे नव्हे. दोन हजारांत इस्पितळात भरती होऊन शस्त्रक्रिया होत नाही हे शेठला माहीत आहे, कामगाराला त्याहून जास्त माहीत आहे. कामगाराने इलाज नाकारला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याने खर्च नाकारलेला असतो. त्याच्या घरून महिन्याला पैसे मागितले जातात. इस्पितळात पडलो तर तिकडे चूल कशी पेटणार, हा हिशोब तो मनात करतो आणि आपल्याला सांगतो, "नको शेठ, बरे वाटतेय."

वास्तविक हा खर्च मालकाचाच आहे. १८ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कामावर झालेल्या इजेच्या इलाजाचा प्रत्यक्ष खर्च कामगाराला परत देणे मालकावर बंधनकारक झाले. तो भरपाईच्या वेगळा. इलाज चालू असताना काम बंद असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचे २५ टक्के द्यावे लागतात. पंधरा हजारांवर ३,७५० रुपये, महिन्याचे साडेसात हजार. या दोन गोष्टी कामगाराला त्याच दिवशी सांगितल्या असत्या, तर तो मुलखाला गेला असता का? मला शंका वाटते. सांगितल्या नाहीत, कारण सांगितले की द्यावे लागते. एका बाजूने वाचवलेल्या पैशांपायी दुसऱ्या बाजूने अकरा लाखांचा दावा दारात उभा राहिला.

काही कारखानदार एक पळवाट वापरतात. कामगाराकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात, की मी स्वखुशीने इलाज नाकारत आहे आणि माझी कोणतीही मागणी नाही. यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्याला पुराव्याची थोडीबहुत किंमत असू शकते. दुसऱ्या अर्ध्याला काडीची किंमत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार कलम १७ ने रद्दबातल ठरवला आहे, मग तो शंभरच्या स्टॅम्पवर असो की पाचशेच्या. उलट पैसे देणे लागत असताना महिन्याहून जास्त थांबवले तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विलंबाला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. ज्यांना व्याजाचा तिटकारा आहे त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मग मालकाने करायचे काय? अपघात झाला त्याच दिवशी कामगाराला स्वतः किंवा आपल्या माणसाबरोबर रिक्षात घालून इस्पितळात न्यावे आणि बिल आपल्या नावावर करावे. तो यायला तयार नसेल तर चार ओळी लिहाव्यात: अमुक इस्पितळात माझ्या खर्चाने इलाज देऊ करत आहे. दोन साक्षीदारांसमोर त्याला त्या समजतील अशा भाषेत वाचून दाखवाव्यात आणि एक प्रत त्याला द्यावी. दोन दिवसांनी पुन्हा विचारावे. पहिल्या दिवशी घाबरलेला माणूस तिसऱ्या दिवशी दुखण्याने कबूल होतो. हे सगळे माणुसकीचे आहे म्हणून करावे हे आहेच. पण मी व्यापाराच्या पानावर लिहितो आहे म्हणून सांगतो, की हा चार ओळींचा कागद नसेल तर कलम ११ चा आधार जवळपास नाहीच.

आता कामगाराकडे वळू. इलाज नाकारण्याचा हक्क त्याला आहे का? आहे. त्याच्या संमतीशिवाय कोणी त्याचे बोट कापू शकत नाही, आणि हा कायदाही तशी सक्ती करत नाही. तो फक्त नकाराचा हिशोब मांडतो. आणि हिशोबात प्रश्न एकच येतो: नकार वाजवी होता का?

मधुमेह असलेल्या माणसाला एका डॉक्टरने शस्त्रक्रियेत धोका सांगितला आणि म्हणून त्याने नकार दिला, तर तो वाजवी ठरू शकतो. १९८३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाचे असेच प्रकरण आले होते. पडून मानेला इजा झालेली, शस्त्रक्रिया सुचवलेली, पण त्यांना मधुमेह होता म्हणून त्यांनी ती करून घेतली नाही. प्रिव्ही कौन्सिलने तो नकार वाजवी मानला. पुढे २००२ मध्ये त्याच कौन्सिलने हेही स्पष्ट केले, की नकार गैरवाजवी होता हे दाखवण्याची जबाबदारी नुकसान करणाऱ्या बाजूची आहे. हे निकाल आपल्या देशाचे नाहीत आणि विम्याच्या कायद्याचेही नाहीत, पण विचार तोच आहे. कारण डॉक्टरी असावे आणि ते कागदावर असावे. "मामू म्हणाले" हे कारण कोणत्याही आयुक्तांपुढे टिकणार नाही.

दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे म्हणजे नकार नव्हे. मालकाचा डॉक्टर पसंत नसेल तर आपला घ्या, कायदा हरकत घेत नाही. डॉक्टर पात्र असावा आणि इलाज नियमित असावा एवढेच तो मागतो. पात्र म्हणजे कोण? वैद्यकीय व्यवसायींच्या सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो. महाराष्ट्रात आयुर्वेद आणि युनानीच्या पदवीधरांची नोंदणी १९६१ च्या कायद्याने होते. त्यामुळे नोंदणी झालेला हकीम आणि गल्लीतला हाडवैद्य किंवा पहिलवान यांना एका तागडीत घालू नये. पहिल्याचा नोंदणी क्रमांक असतो, तो केसपेपर करतो, गरज पडली तर साक्षीला येऊ शकतो. दुसऱ्याच्या हातात गुण असेलही, आमच्या वडिलांचा मुरगळलेला पाय एका पहिलवानानेच बरा केला होता, पण त्याच्या लेपाची पावती मिळत नाही. आणि चेंगरलेली, उघडी जखम घेऊन त्याच्याकडे जाणे हे पावतीच्या पलीकडचे संकट आहे.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. जखमी कामगार रोजा धरतो आणि दिवसाच्या गोळ्या सोडून देतो. कायद्याच्या भाषेत याला डॉक्टरच्या सूचना जाणूनबुजून न पाळणे म्हणता येते. आजाऱ्याला काय सवलत आहे हे या पानाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. ज्याला तरीही रोजा धरायचाच आहे त्याने डॉक्टरला आधी विचारावे, की गोळ्या सहरी आणि इफ्तारच्या वेळी बसवता येतील का. बसत असतील तर डॉक्टर तसे लिहून देईल आणि मग ती डॉक्टरचीच सूचना होईल. बसत नसतील तर तेही कळेल.

दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात चित्र वेगळे आहे. तिथे साधारणपणे राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू होतो. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना. ज्याला ईएसआयचा लाभ मिळतो त्याला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. ईएसआयमध्ये कामावरच्या इजेच्या तात्पुरत्या अपंगत्वाला सुमारे ९० टक्के पगार मिळतो, हे नुकसानभरपाई कायद्याच्या पंधरवड्यापेक्षा कितीतरी बरे. पण शिस्तही जास्त. १९४८ च्या कायद्याच्या कलम ६४ ने लाभ घेणाऱ्यावर अटी घातल्या: ईएसआयच्या दवाखान्यातच इलाज घ्यायचा, डॉक्टरच्या सूचना पाळायच्या, बरे होण्यात खोडा येईल असे काही करायचे नाही, परवानगीशिवाय इलाजाचा भाग सोडून जायचे नाही, आणि बोलावतील तेव्हा तपासणीस हजर व्हायचे. विश्रांतीवर असलेला माणूस भावाच्या दुकानात बसून वजन उचलताना सापडला तर त्याने कोणाला दोष द्यावा? ईएसआयच्या दवाखान्यांतल्या रांगा आणि वागणूक यांविषयी तक्रारी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. पण रांगेला कंटाळून निघून येणे हे कागदावर 'गैरहजर' म्हणूनच उमटते.

ज्याचा मालकच नाही, जो स्वतःच्या दुकानात स्वतः राबतो, त्याला यातले काहीच नाही. त्याच्या हाती स्वतःची पॉलिसी असेल तेवढीच. विमा घ्यावा की घेऊ नये या वादात मी इथे शिरत नाही. ज्यांनी घेतला आहे त्यांच्यासाठी लिहितो. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना पुष्कळांकडे आहे आणि पुष्कळांना ती आपल्याकडे आहे हे ठाऊकही नाही. तिच्यात एका डोळ्याची दृष्टी किंवा एका हाताचा वा पायाचा उपयोग गेला तर एक लाख रुपये, दोन्ही गेले तर दोन लाख. पण शब्द आहेत 'संपूर्ण आणि परत न येणारे' नुकसान. मागावरचा धोटा उडून डोळ्याला लागला, मोतीबिंदू झाला, डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रियेने दिसेल, आणि माणूस शस्त्रक्रिया करत नाही. अशा वेळी नुकसान परत न येणारे कसे, असे विमा कंपनी विचारणारच. हा प्रश्न तिने विचारला तर तिला दुष्ट म्हणता येत नाही. अपघाताच्या खासगी पॉलिसींतही साधारणपणे अपघातापासून बारा महिन्यांच्या आत अपंगत्व आलेले असावे लागते, आणि कंपनीच्या डॉक्टरला तपासणी करू देण्याची अट असते. आठवड्याचे पैसे देणारी पॉलिसी असेल तर डॉक्टरचे कामबंदीचे दाखले एकामागून एक सलग हवेत. इलाज मध्येच सोडला की दाखले थांबतात आणि दाखले थांबले की पैसे थांबतात. इथे कोणी नकार सिद्धही करत बसत नाही.

शेठच्या प्रकरणात मी त्यांना स्पष्ट सांगितले, की नऊ टक्क्यांवर अडून बसू नका. तुमच्याकडे कागद नाही, डॉक्टर तुम्ही दिला नाही, नाक्यावरच्या डॉक्टरची चिठ्ठी मात्र त्या पोराने जपून ठेवली आहे. मामूंनाही बोलावले. त्यांना सांगितले, की डॉक्टरने सांगूनही तो मोठ्या इस्पितळात गेला नाही, अडीच महिने कोणत्याही पात्र डॉक्टरकडे त्याने पाय ठेवला नाही, आणि आयुक्तांनी हा नकार गैरवाजवी मानला तर साडेनऊ लाख हवेत जातील. मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लेप मी लावायला सांगितला होता. त्याने नाही."

पुढे दोघांनी आपापले वकील केले. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा असतो, तो वेळेत लागला आहे. तडजोडीचे बोलणे चालू आहे. झाली तर तिचा करार आयुक्तांकडे नोंदवावा लागेल, घरात बसून केलेली चालणार नाही. पोरगा सध्या मामूंच्या दुकानात बसतो आणि डाव्या हाताने हिशोब लिहायला शिकतो आहे. परवा कारखान्यावर गेलो होतो तेव्हा तिन्ही प्रेसना गार्ड बसवलेले दिसले, आणि भिंतीवर जवळच्या इस्पितळाचा फोन नंबर खडूने लिहिलेला होता. मी शेठना म्हणालो, तेवढा नंबर रंगाने लिहून घ्या.